वस्ती गप्प बसली ती दुपार

विद्यापीठाच्या संग्रहाची ती खोली इतकी गार होती की मी पिशवीतली शाल काढून पांघरून घेतली. बाहेर नगरचं ऊन नुसतं भाजत होतं आणि आत माघातली पहाट. कपाटांना चाकं, खोक्यांवर पांढऱ्या चिठ्ठ्या, टेबलावर मऊ ब्रश, सुती हातमोजे आणि एका वाटीत काढून ठेवलेल्या गंजक्या टाचण्या. जुने कागद आले की आधी टाचण्या काढायच्या, सुतळी सोडायची, धूळ झाडायची, असं तिथल्या स्नेहलनं मला सांगितलं. आम्हीही तेच करायचो. माणूस दाखल झाला की आधी बांगड्या, करगोटा, गळ्यातला काळा दोरा काढून घरच्यांच्या हातात द्यायचा. सगळी नोकरी मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. त्यामुळे असल्या गार, पांढऱ्या खोल्यांची मला भीती वाटत नाही. फार भरवसाही वाटत नाही.

स्नेहल पुण्याकडची पोरगी. जुन्या आवाजांचं सगळं काम तिच्याकडे. महिन्यापूर्वी तिचाच फोन आला होता. कोणे एके काळी एक प्राध्यापक गावोगाव टेपचं यंत्र घेऊन लोकांची गाणी जमवत हिंडले होते. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं सगळी रिळं विद्यापीठाला दिली. आता एकेक रीळ स्वच्छ करायचं, ऐकायचं, कोण गातंय, कुठं गातंय ते लिहायचं आणि मग नेटवर ठेवायचं, म्हणजे जगात कुणालाही ऐकता येईल, असं काम चाललं होतं. "काकू, तुमच्या वडिलांची टेप सापडलीय," ती म्हणाली होती. लोकांसमोर ठेवायची तर वारसांची परवानगी लागते. वारस आम्ही दोघंच, मी आणि धाकटा मधुकर. त्यानं चाकणहून मोबाईलवरच होकार कळवला होता. मी म्हटलं, मी येऊन ऐकेन, मग सांगेन.

तिनं पत्र्याचा चपटा डबा उघडला आणि आंबट वास आला.

"टेप म्हातारी झाली की असा वास येतो, काकू."

"मळीचा आहे," मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं, काकू गंमत करतायत.

मळीचा वास म्हणजे आमचं बालपण. श्रीरामपूरपासून थोड्या अंतरावर, शुगर फॅक्टरीच्या पलीकडे, पाटाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती. दिवाळी सरली की गळीत सुरू व्हायचं, धुराडं पेटायचं आणि तो आंबटगोड वास वस्तीवर येऊन बसायचा तो थेट उन्हाळ्यापर्यंत. गोधडीला तोच, पिठाला तोच, वेणी सोडली तर केसांतही तोच. वरून चिपाडाची काळी राख भुरभुरायची. आई दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पांढरा सदरा आणि पायजमा नीळ घालून पाटात खळबळायची, निळं पाणी वाहत जायचं, आणि कपडे वाळत घातले की त्यांच्यावर राख येऊन बसायची. ती राख आई हातानं झटकत नसे, डाग पडतो म्हणून. फुंकर मारून उडवायची. फुंकर मारली की तिला खोकला यायचा.

आईचा खोकला हा आमच्या घरातला आवाज होता, जसा चुलीचा किंवा दाराच्या कडीचा असतो. आधी छातीत कुठंतरी खोल एक धक्का, मग दोन कोरडे, मग एक लांब ओढ, आणि शेवटी श्वास परत घेताना बारीक शीळ. अडुळशाचा काढा, ज्येष्ठमधाची काडी, लवंग, सगळं झालं होतं. त्या खोकल्याला आज मी नाव देऊ शकते. देत नाही. दवाखान्यात मी पुढं आयुष्यभर माणसं खोकल्यावरून ओळखली; पडद्यामागं कोण झोपलंय हे मला चेहरा न बघता कळायचं. पण मी शिकलेला पहिला खोकला तो.

आईचा फोटो नाही. एकही नाही. मधू तेव्हा झोळीत होता, त्याला तर ती आठवणंच शक्य नाही. मला आठवतात तिचे हात, निळीनं निळसर झालेली नखं, आणि खंजिरी शेकताना तिचं वाकणं. दादांची गायन पार्टी होती. दादा फॅक्टरीत गव्हाणीवर, उसाच्या मोळ्या उतरवायला. पाळी संपली की हात धुवून पेटीवर. तालमीच्या संध्याकाळी खंजिरीचं कातडं सैल पडलेलं असायचं. मग आई ती चुलीच्या आरावर लांबूनच धरून हळूहळू फिरवायची, बोटानं टकटक करून बघायची, आणि कातडं कडक बोलायला लागलं की माझ्या हाती बाहेर पाठवायची. तिच्या पदराला कायम करपलेल्या कातड्याचा वास. पार्टीत बायका गात नव्हत्या. आई कधी गायली असेल, तर ते मला माहीत नाही.

जयंतीच्या दिवसांत पार्टी टेम्पोत बसून गावोगाव जायची. असंच कुठंतरी त्या टेपवाल्या प्राध्यापक सरांनी दादांना ऐकलं आणि म्हणाले, "तुमची गाणी टेप करू. पण मंडपात नको, गोंगाट फार. तुमच्या घरी येतो. शांतता मात्र हवी."

शांतता हवी, एवढंच ते म्हणाले. दादांनी ते फारच मनावर घेतलं.

आदल्या दिवशी दादा घरोघर फिरले. दारात उभं राहून, अगदी लग्नाचं बोलावणं केल्यासारखं सांगायचे, "उद्या दुपारी टेप हुनार हाय. आवाज तेवढा करू नका." आणि वस्तीनं काय करावं? गिरणीवाल्यानं पट्टा उतरवून ठेवला. कोंबड्या डालग्याखाली घालून वर गोणपाट टाकलं. शेरडं पोरांबरोबर लांब बांधावर धाडली. कुत्र्यांना भाकरी चारून चारून इतकं सुस्त केलं की ती पाटापलीकडे पाय पसरून झोपली. तान्ही पोरं ज्यांच्या घरी, त्या बाया पोरं काखोटीला मारून मळ्यात गेल्या. आमच्या मधूला मावशी तिच्या गावी घेऊन गेली. उसाच्या गाड्या आमच्याच वाटेनं फॅक्टरीला जायच्या. गाडीवानांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण त्यांनी वळणावर गाड्या थांबवल्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खांद्यावर टाकल्या आणि गुपचूप पुढं गेले. ते बैल मला अजून दिसतात. गळा मोकळा झाल्यामुळे बावरलेले. फॅक्टरीचा भोंगा तेवढा कुणाच्या बापाला ऐकणारा नव्हता, म्हणून तो होऊन गेल्यावरचीच वेळ ठरली होती.

अशी शांतता आमच्या वस्तीनं आधी कधी ऐकली नव्हती. लिंबाची काडी पडली तरी कळत होती. दोन वेळच्या पोटासाठी धावणारी माणसं उंबऱ्यात हात जोडल्यासारखी बसून होती, कारण आपल्यातल्या एकाचा आवाज कुणीतरी यंत्रात जपून ठेवणार होतं. आज वाटतं, टेप करायला हवी होती ती ह्या शांततेची.

सगळ्यांना सांगून झाल्यावर शेवटी दादा घरात आले. आई सदऱ्याला बटण लावत होती. दादा खाली बघत म्हणाले, "तू बी उद्या जरा पाटावर जाऊन बस. पोरीला ने संगं."

आई म्हणाली, "व्हय."

एवढंच. तिला का ते विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी, उगाच जातोय असं दिसू नये म्हणून तिनं धुण्याचं टोपलं घेतलं, त्यात धुतलेलेच कपडे टाकले आणि आम्ही निघालो. सर यंत्राच्या वायरी जोडत होते, दादा नीळ घातलेल्या सदऱ्यात ताठ बसले होते, आणि आम्ही दोघी मागच्या दारानं बाहेर.

पाट भरून चालला होता. आई कपडे काढायची, परत भिजवायची, पिळायची. तोंडात लवंग. मी पाण्यात पाय सोडून बसले. लांबून पेटीचा सूर येत होता, शब्द काही कळत नव्हते. एक गाणं झालं, दुसरं झालं. आणि मग पेटीवर दादांनी पाटाच्या गाण्याची सुरावट धरली. ते गाणं दादांनी ह्याच पाटावर केलेलं,

"पाट वाहतो दारावरून, तहान सांगू कुणाला,
उसाला पाणी रातंदीस, घागर मागू कुणाला"

आईचे हात थांबले. तिनं टोपलं तसंच ठेवलं, मला बोटाला धरलं आणि म्हणाली, "चल. बोलायचं न्हाई हां." आम्ही घराच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली येऊन उकिडव्या बसलो. आईनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला.

मी तिच्या कुशीला टेकून होते. आतून गाणं येत होतं आणि बाहेर आईच्या अंगात खोकला फिरत होता. मला तो कळत होता. तिची पाठ हलायची, डोळ्यांत पाणी यायचं, मानेच्या शिरा टरारायच्या, आणि ती दाबून धरायची. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. दादांनी शेवटचं कडवं उचललं, पहिल्या ओळीच्या मध्यावर आले, आणि खोकला सुटला. आधी छातीतला धक्का, मग दोन कोरडे.

आत गाणं थांबलं.

आईनं माझा हात असा ओढला की मी पडलेच. आम्ही पळत सुटलो, ती पळतानाही खोकत होती, पाटावर येऊन ती गुडघ्यांत डोकं घालून बसली. "नासली," ती म्हणाली. "नासली गं टेप त्यांची." मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं ते तेव्हा. पाटाचं पाणी आणि तिचे हुंदके इतके कानाशी होते की तिकडून पुढं काही आवाज आला असता तरी आम्हाला कळलं नसतं. पुढचा भोंगा झाल्यावरच आम्ही घरी गेलो. सर निघून गेले होते. दादांनी सदरा काढून खुंटीला लावला होता. जेवताना दादा एकदाच म्हणाले, "काढा घेतला का?" मला तो राग वाटला.

पुढच्या गळिताला आई नव्हती.

दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, गात राहिले, पाटाचं गाणंही गायले. त्या दुपारीबद्दल ना त्यांनी कधी विचारलं, ना मी सांगितलं. पण माझ्या मनात ते तसंच राहिलं. दादांनी सगळी वस्ती गप्प केली आणि एका बाईला गप्प बसता आलं नाही. ती गेली ती टेप नासवल्याचं ओझं घेऊन गेली, आणि दादांनी ते ओझं तिच्या डोक्यावरून उतरवलं नाही. बापावर माया होती, नाही असं नाही. पण ही एक गाठ मी सोडली नव्हती.

स्नेहलनं माझ्या कानांवर हेडफोन बसवला. "आधी लोकांसाठी तयार केलेली प्रत ऐका, काकू. फार सुंदर साफ झालीय."

पेटी वाजली. आणि दादा. केवढा तरुण गळा तो! माझ्या मुलापेक्षाही तरुण. मागं कोरस, आणि आईनं शेकलेली खंजिरी, कडक, नेमकी. पहिलं कडवं, दुसरं कडवं. शेवटचं कडवं आलं, ओळीचा मध्य आला, मी श्वास धरला, आणि ओळ सरळ पुढं निघून गेली. कडवं संपलं. गाणं संपलं. कुठं काही झालंच नव्हतं.

मी हेडफोन काढला. "इथं खोकला होता," मी म्हटलं.

स्नेहल खूश झाली. "तुम्हाला कळलं? शेवटच्या कडव्यात खोकला होता आणि नंतर मोठा खंड. काढून टाकला. जोड कळतही नाही. मूळ प्रत आम्ही जपून ठेवतोच, ती कुठं जात नाही. पण लोकांना साफ प्रत देतो."

तिची काही चूक नव्हती. टाचणी काढतात तसा तिनं खोकला काढला होता. दादांना तरी दुसरं काय हवं होतं? "दादांना एकच हौस हुती आक्का, आवाज सोच्छ यावा," मधू फोनवर म्हणाला होता. "लोकं ऐकतील तर नुसता त्यांचा गळा ऐकू दे." खोटं नव्हतं त्याचं. मी तिथंच सही करून चारची बस धरू शकले असते. पण मनात म्हटलं, आई, तुला परत एकदा पाटावर धाडलं बघ.

"मूळची लाव," मी म्हटलं.

मूळ प्रतीत खरखर होती, यंत्राची घरघर होती. लिंबावरचा एक कावळा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं कडवं. ओळीचा मध्य. धक्का, दोन कोरडे, लांब ओढ, आणि बारीक शीळ.

मी टेबल घट्ट धरलं. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा माझ्या मनात पुसट होत गेला होता, आवाज तर केव्हाच गेला होता. आणि ही इथं होती, खिडकीखाली, माझ्या शेजारी, जिवंत.

गाणं थांबलं. इथपर्यंत मला ठाऊक होतं. ह्यापुढचं आम्ही दोघींनी ऐकलंच नव्हतं. आम्ही पळालो होतो.

सरांचा हलका आवाज आला, "बंद करू का? पुन्हा घेऊ?"

आणि दादांचा, गाण्यातला नव्हे, घरातला: "नगं सर. घरातली हाय. हुंदे तिचं."

मग काहीच नाही. लांबवर, पाटाच्या दिशेनं विरत जाणारा खोकला, आणि सगळ्या वस्तीची शांतता. कुणी पेटीला हात लावत नव्हतं, कुणी खाकरत नव्हतं. टेप फिरत होती, रीळ महाग, ते वाया चाललं होतं, आणि दादा थांबले होते. खोकला अगदी ऐकू येईनासा झाला तरी ते थोडे थांबलेच. नंतर त्यांनी ते कडवं पहिल्यापासून उचललं. ह्या वेळी आवाज बारीक आणि लांबून येत होता.

"इथं गायकाचा आवाज माईकपासून दूर गेलाय," स्नेहल हळूच म्हणाली. "मी तो वाढवून घेतला होता. बहुतेक त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं असावं."

"खिडकी होती तिकडं," मी म्हटलं.

त्या खिडकीखाली तेव्हा कुणीच नव्हतं. रिकाम्या भिंतीला दादांनी ते कडवं म्हटलं, आणि जिच्यासाठी म्हटलं ती पाटावर गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. हे तिला कळायला हवं होतं. दादांनी घरी आल्यावर एका शब्दानं सांगायला काय हरकत होती? पण आमच्या वस्तीतल्या पुरुषांना मायेचं बोलता येत नव्हतं. काढा घेतला का, एवढं विचारता येत होतं. मी त्या गार खोलीत बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले. स्नेहल पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली.

मग मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "लोकांना हीच द्यायची. खोकला राहू दे, थांबणं राहू दे. तेवढं मोकळं रीळ जसंच्या तसं राहू दे."

"भाऊ तयार होतील? दोघांची संमती लागते."

"त्याला ही धाड. काही लिहू नकोस, नुसती धाड."

तिनं पाठवली. मग संगणकाकडे वळली. टेपच्या वर्णनात तिनं आधी लिहिलं होतं: शेवटच्या कडव्यात व्यत्यय. ते पुसून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही. गायक आपल्या बायकोसाठी थांबले आहेत."

तिनं तसं लिहिलं, मग आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. सरूबाई. कितीतरी वर्षांनी ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि त्या खोलीत ते जरा मोठंच वाटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. राहुरी मागं पडली, उसाचे मळे लागले. गळीत सुरूच होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेला ऊस, आणि काचेच्या फटीतून आत येणारा तो वास. पाटाच्या पुलावर मधूचा फोन वाजला.

मागं त्याच्या कंपनीतली यंत्रं चाललेली ऐकू येत होती.

"आक्का," तो म्हणाला. "हीच का?"

"व्हय."

माझा हा भाऊ आता साठीला टेकला आहे, नातवंडं आहेत त्याला. तो मला म्हणाला, "आक्का, त्या पोरीला इचार ना. बाकीच्या टेपात ती आजून कुठं खोकलीय का, बघ म्हनावं."